लोणारचं गुलाबी पाणी, नाकातला स्वॅब आणि सूक्ष्मजीवांची तिसरी शाखा

जून २०२० आठवून पाहा. आपण सगळे घरात अडकलो होतो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे फोटो मोबाइलवर फिरत होते. नेहमी हिरवट दिसणारं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. कुणी प्रदूषणाला दोष दिला, कुणी कलियुगाला. त्याच दिवसांत आपल्यापैकी कित्येक जण नाकातला स्वॅब देऊन आले होते आणि ‘आरटी-पीसीआर’चा रिपोर्ट कधी येतो याची जीव मुठीत धरून वाट बघत होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल. पण संबंध आहे. लोणारच्या पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा रंगाचं कारण निघालं हॅलोआर्किया नावाचे एकपेशीय जीव. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे हे जीव अंगातल्या गुलाबी रंगद्रव्यासह फोफावले. आणि तुमच्या स्वॅबची तपासणी ज्या पदार्थाच्या जोरावर होते, तोही मुळात अशाच एका टोकाच्या जागेतून, अमेरिकेतल्या एका कढत झऱ्यातून आलेला आहे.

अशा जागी राहणारे हे जीव नेमके कोण, कुणाचे नातलग, हे ठरवायला माणसाला जवळपास तीनशे वर्षं लागली. तुमच्या कल्चर रिपोर्टवर जे लांबलचक, उच्चारायला अवघड नाव येतं, त्यामागेही हाच इतिहास आहे. आज तो सांगतो.

टोपी बघून आडनाव सांगणं

१६७६ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्यानं स्वतः घासून बनवलेल्या भिंगातून पाण्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे बारीक जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. सूक्ष्मजीव पहिल्यांदा दिसले, पण त्यांना ठेवायचं कुठे? सगळ्या सजीवांना शिस्तीत नावं देणाऱ्या कार्ल लिनियसनंही अठराव्या शतकात हात टेकले. अशा कित्येक जीवांना त्यानं ‘केऑस’ या नावाखाली टाकलं. केऑस म्हणजे गोंधळ!

पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरनं जीवाणू रंगवण्याची युक्ती शोधली. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. ‘ग्राम पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्राम निगेटिव्ह’ हे शब्द तुम्ही रिपोर्टवर वाचले असतील, ते इथून आले. ही पद्धत इतकी उपयोगी आहे की आजही लॅबमध्ये बहुतेक नमुन्यांची पहिली तपासणी तीच असते.

पण उपयोगी असणं वेगळं आणि नातं सांगणं वेगळं. गोल की लांबट, जांभळा की गुलाबी, हवेत वाढतो की हवेविना, साखर आंबवतो की नाही, या प्रश्नांवरून जीवाणूंचे गट पाडले जात होते. जत्रेत माणसाची टोपी बघून त्याचं आडनाव सांगण्यासारखंच हे. कधी बरोबर निघेल, पण सख्खे भाऊ वेगवेगळ्या टोप्या घालू शकतात आणि अनोळखी माणसांच्या डोक्यावर एकसारखी टोपी असू शकते. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हाडं आणि जीवाश्म मदतीला येतात. जीवाणूला हाडं नाहीत. गोल ठिपका हा शेवटी गोल ठिपकाच.

१९६२ मध्ये रॉजर स्टेनियर आणि सी. बी. व्हॅन नील या नावाजलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एक मोठी रेघ ओढली. पेशीत केंद्रक असेल तर एक गट: माणूस, वड, बुरशी, अमीबा सगळे त्यात. केंद्रक नसेल तर दुसरा गट, म्हणजे जीवाणू. रेघ स्पष्ट होती. पण दुसऱ्या गटाची ओळख ‘त्यांच्याकडे काय नाही’ यावरून ठरली होती. एकाच पोत्यात भरलेले ते सगळे खरंच एकमेकांचे नातलग आहेत का, हे कुणी तपासलेलं नव्हतं. तपासायचं साधनच नव्हतं.

कढत झऱ्यांतले रहिवासी

१९६४ मध्ये थॉमस ब्रॉक हा अमेरिकी शास्त्रज्ञ यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेला. तिथे जमिनीतून उकळतं पाणी वर येतं. झऱ्यांच्या कडेनं पिवळे, नारिंगी, हिरवे थर पसरलेले असतात. हे थर जिवंत सूक्ष्मजीवांचे आहेत हे त्यानं ओळखलं आणि पाणी जिथे जास्त गरम, तिथवर तो शोध घेत गेला. १९६६ मध्ये ब्रॉक आणि त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यात एक जीवाणू मिळाला. त्याला सत्तर अंश सेल्सिअसचं तापमान सर्वांत मानवत होतं. अंघोळीचं पाणी चाळीस अंशांच्या वर गेलं की आपण बादलीत थंड पाणी ओततो, यावरून कल्पना करा. त्याचं नाव ठेवलं ‘थर्मस ॲक्वाटिकस’. १९६९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली आणि जिवंत नमुना सार्वजनिक संग्रहात ठेवला गेला, म्हणजे कुठल्याही संशोधकाला तो मागवता येईल.

ब्रॉकला तिथे आणखी एक जीव सापडला, ‘सल्फोलोबस’. याला पाणी कढत तर हवंच, शिवाय लिंबाच्या रसाच्या आसपास आंबटही हवं. मिठात राहणारे जीव तर आधीपासून माहीत होते, कारण खारवलेल्या माशांवर ते लाल डाग पाडत आणि माल खराब करत. शेणात, गाळात, गायीच्या पोटात राहून मिथेन वायू बनवणारे जीवही माहीत होते. आपल्या गावाकडच्या गोबरगॅसमध्ये जो वायू पेटतो, तो त्यांच्याच कृपेनं.

या सगळ्यांची नोंद ‘विचित्र सवयींचे जीवाणू’ अशी झाली. त्यांत काही गोष्टी खटकत होत्या. जीवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नावाचा एक ठरावीक पदार्थ असतो, तो मीठवाल्यांमध्ये नव्हता. कढत आणि आंबट पाण्यातल्या जीवांच्या आवरणातली चरबीही वेगळ्याच पद्धतीनं जोडलेली होती, आणि मीठवाल्यांचीही तशीच. पण त्यावर उत्तर तयार होतं: जागाच इतकी कठीण आहे, तिथे टिकायचं तर शरीर बदलावंच लागणार. म्हणजे साम्य परिस्थितीमुळे आलं, रक्ताच्या नात्यामुळे नाही. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि तरीही कुणाला दिसला नाही. आम्हा डॉक्टरांना ही चूक चांगलीच ओळखीची आहे. एक पटणारं कारण मिळालं की दुसरं शोधायचं राहून जातं.

पोथीतले पाठभेद

आता इलिनॉय राज्यातल्या अर्बाना इथल्या विद्यापीठात या. कार्ल वूज हा मुळात भौतिकशास्त्र शिकलेला, माणसांत फारसा न मिसळणारा शास्त्रज्ञ. त्याचा विचार साधा होता. जीवाणू बाहेरून काही सांगत नसेल, तर त्याच्या आतला मजकूर वाचू.

जुन्या पोथ्यांचं उदाहरण घ्या. छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हातानं उतरवून काढत. उतरवताना कुठे अक्षर चुके, कुठे शब्द गळे. त्या प्रतीवरून पुढची प्रत केली की ती चूकही पुढे जाई. आज अभ्यासक पाठभेद पडताळून सांगू शकतात की ही प्रत त्या प्रतीवरून उतरवली आणि या दोन्ही प्रतींचं मूळ एकच.

वूजनं पेशीतली अशी एक पोथी निवडली. प्रत्येक सजीव पेशीत रायबोसोम असतात. प्रथिनं बनवणारे हे कारखाने. त्यांच्या रचनेत आरएनएचा एक धागा असतो. जीवाणूंमध्ये त्याला ‘१६ एस’ म्हणतात. हा धागा सगळ्यांकडे आहे, सगळ्यांकडे त्याचं काम एकच आहे आणि तो अतिशय सावकाश बदलतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या घराण्यांची तुलना करायला यापेक्षा चांगली पोथी मिळणार नव्हती.

वाचणं मात्र जिकिरीचं होतं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. जीवाणूंना किरणोत्सारी फॉस्फरस खायला घालायचा, त्यांचा आरएनए वेगळा काढायचा, एन्झाइमनं त्याचे तुकडे करायचे, विजेच्या प्रवाहानं ते तुकडे कागदावर पसरवायचे आणि एक्स-रे फिल्मवर उमटलेल्या काळ्या ठिपक्यांवरून अक्षरं जुळवायची. एका जीवासाठी आठवडेच्या आठवडे जात. आपण छातीचा एक्स-रे जसा दिव्याच्या फलकावर लावून बघतो, तशा फलकांसमोर वूज वर्षानुवर्षं त्या फिल्म बघत बसला.

शेजारच्याच विभागात राल्फ वुल्फ हा मिथेन बनवणाऱ्या जीवांचा जाणकार होता. हे जीव हवा लागली की मरतात, त्यामुळे त्यांना बंद बाटलीत वाढवून त्यातच किरणोत्सारी पदार्थ घालणं हे मोठं कसब होतं. १९७६ च्या जूनमध्ये अशा पहिल्या जीवाची फिल्म वूजच्या हाती आली. प्रत्येक जीवाणूत हमखास सापडणारे ओळखीचे तुकडे तिच्यात नव्हतेच. नमुन्यात काही गफलत झाली असेल म्हणून काम पुन्हा केलं. उत्तर तेच. मिथेनवाल्यांचे आणखी प्रकार तपासले. ते एकमेकांशी जुळले, पण जीवाणूंशी जुळले नाहीत आणि केंद्रकवाल्यांशीही नाहीत. वूजनं वुल्फला जाऊन सांगितलं की हे जीवाणूच नाहीत.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वूज आणि त्याचा सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी मांडलं की सजीवांची दोन नव्हे, तीन मोठी घराणी आहेत. तिसऱ्याला त्यांनी तेव्हा ‘आर्किबॅक्टेरिया’ म्हटलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मीठवाले आणि आंबट-कढत पाण्यातले सल्फोलोबसही त्याच घराण्यातले निघाले. त्या चरबीचं कोडं सुटलं. साम्य परिस्थितीमुळे आलेलं नव्हतं, ते नातंच होतं. गंमत बघा, सल्फोलोबसचं वर्णन ब्रॉकनंच आधी केलं होतं. नवं घराणं त्याच्या बाटलीत होतं, पण ते ओळखण्याची रीत तेव्हा त्याच्याकडे नव्हती. आणि त्याच उद्यानातल्या झऱ्यांत राहणारा थर्मस मात्र खराखुरा जीवाणूच निघाला. एकाच आळीत राहतात म्हणून भाऊ ठरत नाहीत.

फोन आला

शोधाची बातमी ३ नोव्हेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्यामुळे कौतुक झालं असेल असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. शास्त्रज्ञांना आधी पटवण्याऐवजी हा माणूस वर्तमानपत्रांकडे गेला, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. नोबेल विजेते साल्व्हाडोर लुरिया यांनी वुल्फला फोन करून या प्रकरणापासून लांब राहण्याचा सल्ला दिला, असं वुल्फनं पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

पाठिंबा आला तो मुख्यतः जर्मनीतून. म्युनिकचा ओटो कांडलर पेशींच्या भिंतींचा अभ्यास करत होता. मिथेनवाल्यांच्या आणि मीठवाल्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नाही हे त्याला दिसलेलं होतं, त्यामुळे वूजचं म्हणणं त्याला पटायला वेळ लागला नाही. १९९० मध्ये वूज, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी नावं पक्की केली: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया, म्हणजे आपण. ‘बॅक्टेरिया’ हा शब्द त्यांनी आर्कियांच्या नावातून मुद्दाम काढून टाकला. १९९६ मध्ये एका आर्कियाची पूर्ण जनुकीय लिपी वाचली गेली आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक जनुकं तोवर कुठेच न दिसलेली निघाली. तेव्हा बहुतेक विरोध मावळला. वूजला २००३ मध्ये क्राफूर्ड पारितोषिक मिळालं. नोबेल मिळालं नाही. ३० डिसेंबर २०१२ रोजी तो गेला.

यात माझा काय फायदा, डॉक्टर?

रास्त प्रश्न आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, पीसीआर. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करण्याची कल्पना सुचली. त्यात नमुना पंचाण्णव अंशांच्या आसपास तापवून डीएनएच्या दोन पट्ट्या सोडवाव्या लागतात, मग थंड करून नवी प्रत करायची, पुन्हा तापवायचं, असं तीस-चाळीस वेळा. अडचण अशी की प्रत करणारं एन्झाइम दर वेळी तापल्यावर मरायचं आणि दर फेरीला नवं घालावं लागायचं. सत्तर अंशांत सुखानं जगणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकसचं एन्झाइम मात्र या उष्णतेला दाद देत नाही. ते वापरल्यावर सगळं काम यंत्रावर सोपवता आलं. मुलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज क्षयरोगाची सीबीनॅट असो वा कोविडची आरटी-पीसीआर, तत्त्व हेच. मशरूम स्प्रिंगमध्ये नमुना घेताना ब्रॉकच्या मनात कुठलाही रुग्ण नव्हता.

दुसरी, न वाढणाऱ्या जंतूची ओळख. ‘व्हिपल’ नावाचा एक दुर्मीळ आजार १९०७ पासून माहीत होता. रुग्णाच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे, पण प्रयोगशाळेत काही केल्या वाढत नसत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी रुग्णाच्या ऊतीतूनच १६ एसचा मजकूर वाचला आणि जंतूचं घराणं समोर आलं. वाढवण्यात यश मिळालं ते २००० मध्ये, म्हणजे आधी कूळ कळलं, मग जंतू हाती आला. आज कल्चर निगेटिव्ह येऊनही संसर्गाची दाट शंका असेल, उदाहरणार्थ हृदयाच्या झडपेच्या संसर्गात, तेव्हा मोठ्या केंद्रांत हीच १६ एस तपासणी केली जाते. वूजची ती पोथी आता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचली आहे.

तिसरी, नावाची दुरुस्ती. एचआयव्हीच्या रुग्णांना गंभीर न्यूमोनिया करणारा ‘न्यूमोसिस्टिस’ अनेक दशकं अमीबासारख्या एकपेशीय प्राण्यांत मोडत होता. १९८८ मध्ये त्याचा रायबोसोमचा आरएनए वाचला तेव्हा ती बुरशी निघाली. पण इथे एक शहाणपणही शिकायला मिळतं. बुरशी म्हटल्यावर बुरशीची नेहमीची औषधं चालतील असं वाटेल. तशी ती चालत नाहीत, कारण ती औषधं ज्या घटकावर घाव घालतात तो त्याच्यात नसतो. उपचारात पहिलं स्थान अजूनही को-ट्रायमोक्साझोल या जुन्या औषधाचंच आहे. कूळ दिशा दाखवतं. औषधाची चिठ्ठी लिहायला त्यापुढचंही बरंच काही बघावं लागतं.

आणि आपल्या पोटातले आर्किया?

हो, ते तुमच्या आतड्यातही असू शकतात. ‘मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी’ नावाचा आर्किया अनेक माणसांच्या मोठ्या आतड्यात मुकाट राहतो आणि मिथेन बनवतो. जास्त मिथेन आणि बद्धकोष्ठता यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. पेनिसिलीनसारखी औषधं जीवाणूंच्या पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीवर काम करतात. आर्कियांकडे ती भिंतच नाही, त्यामुळे ही औषधं त्यांना शिवत नाहीत. दिलाशाची गोष्ट अशी की एकट्याच्या बळावर माणसाला आजारी पाडतो असा एकही आर्किया आजवर सिद्ध झालेला नाही. तेव्हा लोणारचा फोटो पाहून किंवा हा लेख वाचून ‘आर्किया घालवण्याचं औषध’ शोधू नका.

पुढचा रिपोर्ट हातात घ्याल तेव्हा

रिपोर्टवर जंतूचं नाव दिसलं की थेट गुगल करून घाबरण्याऐवजी तुमच्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा.

१. नमुना कुठला होता? थुंकी, लघवी, त्वचा इथे निरुपद्रवी रहिवासीही असतात. तोच जंतू रक्तात सापडला तर अर्थ बदलतो.

२. जंतू वाढवून ओळखला की जनुकीय तपासणीतून? जनुकीय तपासणीला मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. म्हणूनच क्षयरोगाचं औषध चालू असताना उपचार लागू पडतोय का हे बघायला सीबीनॅट पुन्हापुन्हा करत नाहीत.

३. कुठलं औषध चालेल याची तपासणी झाली आहे का? नाव आणि औषध यांच्यामधला हा दुवा आहे. तो वगळून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका.

तीनशे वर्षं आपण या जीवांना रंगावरून, आकारावरून, राहत्या जागेवरून ओळखत होतो आणि एक अख्खं घराणं आपल्या नजरेतून सुटलं होतं. ते खारवलेल्या माशावर होतं, गोबरगॅसच्या टाकीत होतं, आपल्या पोटातही होतं. कुणीतरी ‘हे जीवाणूच असणार’ हे गृहीत न धरता पुन्हा तपासलं, म्हणून ते सापडलं. दवाखान्यातही बरं न होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच करावं लागतं. म्हणून तुमचे डॉक्टर कधी म्हणाले, “जरा थांबू, निदान पुन्हा तपासून बघू,” तर त्यांच्यावर रागावू नका.